जुना लेग व्हाइस आणि त्याचे मळसूत्र

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात १६ मिलीमीटरची लाल केलेली सळई वाकवत असताना माझ्या टेबलावरच्या व्हाइसचा, म्हणजे वस्तू जबड्यांत घट्ट आवळून धरणाऱ्या साधनाचा, मागचा जबडा तडकला. आवाज फार मोठा झाला नाही, अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच झाला. पण जबड्याच्या मुळाशी राखाडी, रवाळ अशी ताजी भेग दिसली आणि मी हातोडा खाली ठेवला. चूक व्हाइसची नव्हती. तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता, आणि बीड दाब पुष्कळ सहन करते पण ठोका सहन करत नाही, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही दोन किलोचा हातोडा मी त्याच्यावर वर्षभर चालवला होता. नागपूरच्या बेसा भागात घरामागे मी हौसेखातर एक लहानशी भट्टी मांडली आहे. लाकूडकामाच्या पटाशा, बागेची खुरपी, कधी एखादा कोयता, एवढाच माझा व्याप. तेवढ्या व्यापालाही लोहाराचा खरा व्हाइस, म्हणजे जमिनीपर्यंत पाय असलेला लेग व्हाइस लागतो, हे त्या भेगेने मला पटवून दिले.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लेग व्हाइस घडीव लोखंडाचा असतो. त्याच्या मागच्या, म्हणजे स्थिर जबड्यापासून एक लांब पाय थेट जमिनीपर्यंत उतरतो, आणि पुढचा जबडा साधारण गुडघ्याच्या उंचीवर एका बोल्टभोवती बिजागरीसारखा मागेपुढे झुकतो. वरच्या बाजूस एक जाड मळसूत्र दोन्ही जबड्यांमधून आरपार जाऊन मागच्या नळीत शिरते. नळीच्या आतल्या आट्यांत ते फिरले की जबडे आवळले जातात, आणि सैल केले की दोन्हींच्या मध्ये बसवलेला पोलादी पाटा पुढच्या जबड्याला बाहेर ढकलतो. हातोड्याचा ठोका जबड्यावर पडला की तो पायातून सरळ जमिनीत जातो, टेबलाच्या स्क्रूंवर किंवा बिडाच्या अंगावर थांबत नाही. साऱ्या रचनेचे मर्म एवढेच आहे.

आपल्याकडच्या गावच्या लोहाराकडे हे साधन सहसा दिसत नाही, आणि त्याचे कारण मला गरिबीपेक्षा बैठकीत दिसते. आपला लोहार बसून काम करतो; ऐरण जमिनीत रोवलेली असते, भाता हाताशी असतो आणि वस्तू धरायला सांडशीबरोबर प्रसंगी पायाचाही उपयोग होतो. रस्त्याच्या कडेला पाल टाकून विळे-कुऱ्हाडी घडवणारे गाडी लोहार आजही तसेच बसतात. लेग व्हाइस हे उभ्याने काम करणाऱ्याचे साधन आहे. नागपुरात रेल्वे १८६७ साली आली आणि एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यांतून उभे राहून कानस चालवण्याची आणि लोखंड वाकवण्याची रीत रुळली, आणि तिच्यासोबत हे व्हाइसही पसरले असावेत असे माझे मत आहे. त्यामुळे जुना लेग व्हाइस विकणारा प्रत्येक भंगारवाला ‘मिलचा माल हाये, साहेब’ असे सांगतो. मी पाहिलेले चारही व्हाइस एम्प्रेस मिलचेच होते. ते सगळे खरे असते, तर त्या मिलमध्ये सूत काढायला जागाच उरली नसती.

इतवारीतल्या लोहा ओळीपासून मी शोधाला सुरुवात केली. तेथे चौकशी केली की कोणी लेग व्हाइस म्हणतो, कोणी पायाचा व्हाइस, आणि हिंदी बोलणारे जुने मिस्त्री बांक म्हणतात. तिन्ही नावे माहीत असलेली बरी, कारण एका नावाने ‘नाही’ म्हणणारा दुकानदार दुसऱ्या नावाने माळ्यावरून वस्तू काढतो. नव्या दुकानांत मिळाले ते सगळे टेबलावरचे. जुन्यासाठी शेवटी भंगाराची गोदामेच पालथी घालावी लागली.

पहिला व्हाइस दिसायला देखणा होता. नुकताच काळा रंग मारलेला, दांडी सरळ, मळसूत्र बोटाने फिरवले तरी लोण्यासारखे फिरणारे. तसे फिरणे हीच खरे तर शंकेची जागा होती, पण ते मला नंतर कळले. नळी ग्रीसने गच्च भरलेली होती. मी जवळच पडलेला १० मिलीमीटर जाडीचा पट्टीचा तुकडा जबड्यांत धरला आणि दांडीवर अंगाचा भार दिला. पकड आली, आणखी जोर दिला, आणि आतून खर्र असा आवाज होऊन दांडी एकदम सैल फिरली. पट्टी खाली पडली. नळीतले आटे गेलेले होते आणि ग्रीसने ते वैगुण्य झाकले होते. विकणाऱ्याला हे माहीत होते की नाही, ते मी विचारले नाही. त्यानेही काही न बोलता व्हाइस पुन्हा ढिगाला टेकवून ठेवला.

त्या दिवसापासून माझा एक पक्का समज झाला, आणि या लेखात सांगण्यासारखे मुख्यतः तेवढेच आहे: जुना लेग व्हाइस घेताना आपण मळसूत्र आणि त्याची नळी विकत घेत असतो, बाकीचे सगळे त्यासोबत येते. पाटा नसला तर घडवता येतो. दांडी वाकलेली असली तर तापवून सरळ होते. बिजागरीचा बोल्ट झिजला असेल तर खराद्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून नवा करून मिळतो. टेबलाला किंवा खांबाला धरणारा पट्टा आणि त्याच्या पाचरी कोणताही लोहार अर्ध्या दिवसात करून देतो. जबड्यांच्या कडा हातोड्याने पसरलेल्या असल्या तर कानशीने मापात येतात. पाय कोणी कापून आखूड केला असेल तर खाली दगड घालून किंवा जोड देऊन निभावते. परंतु झिजलेले मळसूत्र आणि त्याला जुळणारी नळी नव्याने करून घ्यायची म्हटली, तर चौकोनी आटे बाहेरून आणि आतूनही पाडून देणारा खरादी शोधावा लागतो, आणि त्याची मजुरी व्हाइसच्या किमतीला गाठते.

आटे कसे पाहावेत हे थोडे सविस्तर लिहितो. या मळसूत्राचे आटे नेहमीच्या बोल्टसारखे टोकदार नसून चौकोनी असतात, आणि नव्या चौकोनी आट्यात उंचवट्याची रुंदी व खाचेची रुंदी सारखी असते. एका इंचात चार आटे असतील तर एक उंचवटा सुमारे ३.२ मिलीमीटर भरतो. व्हाइस जुना होतो तसा उंचवट्याचा एकच गाल झिजतो, कारण दाब नेहमी एकाच दिशेने येतो. म्हणून बाजूने पाहिले असता चांगला आटा पेटीसारखा दिसतो आणि गेलेला आटा करवतीच्या दातासारखा एका अंगाला कललेला दिसतो. खिशात व्हर्निअर कॅलिपर ठेवावा, जास्त काम झालेल्या भागातला उंचवटा मोजावा आणि मळसूत्राच्या अगदी कमी वापरलेल्या कडेचा मोजून ताडून पाहावा. निम्म्याच्या आसपास झीज असेल तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. नळीच्या आत डोळ्यांना काही दिसत नाही, तेथे टोकाला वाकवलेली बारीक तार आत घालून आटे बोटांनी मोजल्यासारखे चाचपता येतात. शिवाय जबडे दोन-तीन इंच उघडून मळसूत्र न फिरवता नुसते मागेपुढे ओढून पाहावे. जी ढिलाई हाताला लागते ती दोन्हींच्या झिजेची बेरीज असते. आणि ग्रीस असेल तर आधी पुसायला लावावे.

याउलट एक दोष असा आहे की जो दोष नसतोच, पण त्यापायी लोक चांगले व्हाइस नाकारतात. रिकामे जबडे पूर्ण मिटवले की वरच्या कडा एकमेकींना टेकतात आणि खाली उजेडाची फट राहते. पुढचा जबडा खालच्या बोल्टभोवती झुकत येतो, म्हणून तो कमानीत फिरतो. दोन्ही जबडे ठरावीक एका अंतरावरच तंतोतंत समांतर असतात. अंतर त्याहून कमी झाले की वरच्या कडा आधी लागतात, आणि वाढले की खालच्या. लोहाराच्या रोजच्या कामातल्या जाडीला जबडे समांतर यावेत असा तो बेत असतो. मात्र जबडे आडवे सरकलेले असतील, म्हणजे समोरून पाहता एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे दिसत असेल, तर बिजागरीचे भोक झिजलेले आहे किंवा पाय पिळलेला आहे, आणि तेवढा भाव पाडून मागावा.

माझा व्हाइस मला फेब्रुवारीत मिळाला. एका गोदामाच्या मागच्या भिंतीशी तो पंप आणि गिअरच्या ढिगात उलटा रोवल्यासारखा उभा होता. जबडे पाच इंची, काट्यावर वजन ३१ किलो, पाटा गायब, पट्टा गायब, दांडी धनुष्यासारखी वाकलेली, आणि मळसूत्र सुमारे तीन इंच बाहेर आलेल्या स्थितीत गंजाने जाम. म्हणजे नळीची परीक्षा करण्याचा मार्गच बंद. मी लिहिलेल्या नियमाप्रमाणे मी तेथून निघून जायला हवे होते. पण बाहेर राहिलेल्या आट्यांवरचा गंज चाकूने खरवडला तेव्हा कडा पेटीसारख्या सरळ निघाल्या; मोजले तर २.६ मिलीमीटर. मळसूत्र आणि नळी एकमेकांवरच झिजतात, त्यामुळे एक इतके शाबूत असताना दुसरे पार गेलेले असण्याची शक्यता कमी, असा हिशेब मी केला आणि धोका पत्करला. गोदामवाल्याने ६,५०० सांगितले, मी जाम मळसूत्राकडे बोट दाखवत राहिलो, आणि ४,२०० रुपयांवर सौदा पटला. भंगाराच्या भावाच्या तिपटीहून अधिक दिले, असे घरी कळल्यावर जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

आता सर्वांत मोठी चूक मी करणार होतो ती सांगतो. जाम झालेला बोल्ट तापवून सोडवावा हे कोणीही सांगेल. मी नळीसह सगळा भाग भट्टीत लाल करायचे ठरवले, कोळसा पेटवला आणि पंखा सुरू केला. योगायोगाने त्या दिवशी उमरेड रोडकडचे एक वयस्क लोहार काका, ज्यांच्याकडून मी पाणी देण्याचे, म्हणजे तापवलेले पोलाद बुडवून कठीण करण्याचे, थोडेफार शिकलो, व्हाइस पाहायला आले होते. त्यांनी नळीच्या तोंडाशी नखाने खरडले आणि विचारले, “काऊन भाऊ, आगीत टाकून राहिले का हे?” मी हो म्हटले. ते म्हणाले, “अंदरचे आटे पितळच्या टाक्यानं धरून हायेत. लाल केलं का टाका वाहून जाईन, मंग हातात निस्ती नळी राहीन.”

त्यांनी खरडलेल्या जागी खरोखरच एक बारीक पिवळी रेघ चमकत होती. जुन्या व्हाइसमध्ये नळीच्या आतले आटे कापून काढलेले नसत. मळसूत्राच्या खाचेत बसेल अशी चौकोनी पट्टी त्याच्याभोवती गुंडाळून ते वेटोळे नळीत बसवत, आणि पितळ व टाकणखार घालून भट्टीत त्याला आतून टाका देत. पितळ ९०० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे वितळते, म्हणजे नारिंगी होईपर्यंत तापवलेल्या नळीत आट्यांना धरून ठेवणारे काहीच उरत नाही. पुढे इंग्लंडमधील डडलीच्या पीटर राइट यांच्यासारख्या कारखानदारांनी अखंड नळीचे व्हाइस आणले. ते आगीला इतके घाबरत नाहीत. पण आपल्या हाती आलेली नळी कोणत्या जातीची आहे हे ओळखल्याशिवाय तिला आग दाखवू नये. पहिल्या व्हाइसच्या नळीतून तो खर्र आवाज का आला असेल, याचाही उलगडा मला तेव्हाच झाला: टाका सुटून वेटोळे आत फिरत असणार.

भट्टी विझवली. व्हाइस उलटा, नळीचे तोंड वर करून, झाडाला बांधला आणि नळीत डिझेल ओतले. रॉकेल आता सहज मिळत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ डिझेलची भर घालायची, लाकडी मोगरीने नळीवर चारी बाजूंनी हलके ठोकायचे आणि दांडीला दोन्ही दिशांनी थोडा ताण द्यायचा, एवढेच. दांडीत लांब पाइप घालून जोर लावण्याचा मोह फार झाला, पण त्याने सुटण्याऐवजी आटे सोलून निघाले असते. अकराव्या दिवशी सकाळी दांडी पाव वेढा सरकली आणि तांबडे, चिखलासारखे डिझेल गळू लागले. पाव वेढा पुढे, पाव वेढा मागे, असे करत संपूर्ण मळसूत्र बाहेर यायला आणखी दोन दिवस लागले. तार घालून चाचपले तेव्हा आतले आटे सलग लागले, आणि धुऊन-पुसून बसवल्यावर ढिलाई एक मिलीमीटरहून कमी भरली.

पाटा मी टेम्पोच्या जुन्या कमानपाट्याच्या तुकड्यापासून घडवला. त्याला पुढचा जबडा बाहेर लोटण्यापुरतीच ताकद लागते, म्हणून घडवून हवेत निवू दिला तरी चालतो; पाणी देण्याच्या फंदात पडलो नाही. दांडी सरळ केली, पट्टा आणि पाचरी केल्या. या कामांत सांगण्यासारखे विशेष काही नाही.

व्हाइस उभा करण्यात मात्र नागपूरच्या मातीने मला चांगलाच धडा दिला. बाभळीचा आठ इंच जाडीचा खांब मी तीन फूट खोल गाडला आणि त्याला व्हाइस जखडला. फेब्रुवारीत तो पहाडासारखा घट्ट होता. मे महिन्यात आमच्या प्लॉटमधली काळी माती नेहमीप्रमाणे आवळली, खांबाभोवती बोट जाईल एवढी भेग पडली, आणि हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याला खांब मान हलवू लागला. जुलैत तीच माती पाणी पिऊन फुगली आणि तिने खांब दक्षिणेकडे कलता केला. काळ्या मातीत घराचा पायाही कोणी अर्ध्यावर सोडत नाही, मग खांबाचा का सोडावा, हे सुचायला मला एक पावसाळा लागला. दिवाळीनंतर साडेचार फूट खणून मुरूम लागेपर्यंत गेलो, खांबाच्या बुडाला वाळवीसाठी डांबर फासले, आणि भोवती काढलेली काळी माती परत न घालता मुरूम व गिट्टी थराथराने धुम्मसने ठोकून भरली. व्हाइसच्या पायाखाली काळ्या दगडाची फाडी आणि तिच्यावर १२ मिलीमीटरची प्लेट आहे. प्लेटला पाडलेल्या भोकात पायाचे टोक बसते, म्हणून ते सरकत नाही. पाय अधांतरी राहिला तर सारा ठोका पट्ट्यावर येतो आणि लेग व्हाइस घेतल्याचा अर्थच संपतो. उंची अशी ठेवली की उभे राहून कोपर दुमडले असता ते जबड्यांच्या वरच्या कडेला येते.

देखभाल थोडी आहे, पण चुकवून चालत नाही. लोखंड तापवले की त्याच्यावरून कीट खपल्यांनी गळते, आणि उघड्या ग्रीसवर ती पडली की मळसूत्रावर आपण स्वतःच पॉलिश कागद घासल्यासारखे होते. म्हणून बाहेर दिसणाऱ्या आट्यांवर मी ग्रीस लावत नाही. पुसून पातळ तेलाचा हात फिरवतो आणि वर ग्रॅफाइटची पूड चोळतो. ग्रीस फक्त नळीच्या आत, आणि मळसूत्राच्या दांडीकडच्या डोक्याखाली जे वॉशर असते त्याच्यामागे. या वॉशरला बहुतेक जण विसरतात. सगळा दाब तेथेच टेकतो, आणि ते कोरडे असेल तर निम्मा जोर तेथेच खर्ची पडतो. जबड्यांच्या मधल्या फटीत, मळसूत्राच्या वर, जुन्या चामडी पट्ट्याचा एक तुकडा झडपेसारखा लटकवला आहे. कीट त्याच्यावरून घसरून खाली पडते.

वस्तू जबड्यांच्या एकाच टोकाला धरायची असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालतो, नाहीतर पुढचा जबडा पिळला जाऊन बिजागरीचे भोक अंडाकृती होते. लाल वस्तू जबड्यांत धरून गप्पा मारत उभे राहू नये, कारण जबड्यांच्या तोंडाला जोडलेल्या पोलादाचे पाणी उतरते. पटाशीसारखी तयार वस्तू धरताना तांब्याच्या पत्र्याचे दोन कोन जबड्यांवर चढवतो.

गंजाविषयी माझी समजूत होती की तो पावसाळ्यात येतो. पण पहिला गंज मे महिन्यातच आला, कारण कूलरची दमट हवा ज्या खिडकीतून बाहेर पडते तिच्या समोरच व्हाइस उभा होता. कूलर हलवला. आता दरवर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मृग लागण्याआधी, व्हाइस तारेच्या ब्रशने घासून त्याला जवसाच्या तेलाचा हात देतो. एरवी यासाठी लोखंड थोडे तापवावे लागते. नवतप्यात दुपारी ते उन्हातच हात लावू देत नाही इतके तापलेले असते, म्हणून ते काम सूर्यावर सोपवतो. तेल अगदी पातळ लावून लगेच कोरड्या फडक्याने पुसून काढावे, जाड राहिले तर महिनाभर चिकटत राहते. विदर्भात जवस पिकते आणि घाणीवर तेल मिळते. कच्चे तेल सावकाश वाळते, पण घाई कोणाला आहे? सावधगिरी मात्र फडक्यांची बाळगावी. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर अधिकच. मी ती तारेवर सुटी पसरून वाळवतो, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवतो.

यंदा तेल लावण्याआधी मळसूत्र पूर्ण बाहेर काढले, डिझेलने धुतले आणि गोदामात मोजला होता तोच आटा पुन्हा मोजला. व्हर्निअरवर २.६ आले. चामड्याची झडप तेवढी जळून फाटली आहे, ती या रविवारी बदलायची आहे.